ईस्टर, बाप्तिस्मा आणि ख्रिस्ती माणसाचे रोजचे जगणे

नाताळ कधी असतो हे शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गुड फ्रायडेची सुटी कॅलेंडरात लाल अक्षरांत छापलेली असल्याने तीही लक्षात राहते. मात्र हा शोकाचा दिवस आहे याची कल्पना नसल्याने त्या दिवशी ख्रिस्ती शेजाऱ्याला ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणणारे अजूनही भेटतात. ईस्टर रविवारीच येतो, त्यामुळे त्याची वेगळी सुटी मिळत नाही आणि ख्रिस्ती समाजाबाहेर त्याची फारशी दखलही घेतली जात नाही. बाप्तिस्म्याची गोष्ट आणखी निराळी. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो तो धर्मांतराविषयीच्या एखाद्या बातमीत किंवा वादात.

ख्रिस्ती श्रद्धेत मात्र नाताळपेक्षा ईस्टरचे स्थान वरचे आहे आणि बाप्तिस्मा हा सर्व संस्कारांचा आरंभ आहे. या दोहोंचे नातेही फार जवळचे आहे. येशू ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या श्रद्धेचा वार्षिक उत्सव म्हणजे ईस्टर. तीच घटना एका माणसाच्या आयुष्याशी जोडण्याचा विधी म्हणजे बाप्तिस्मा. सण वर्षातून एकदा येतो, संस्कार आयुष्यात एकदाच होतो; परंतु दोहोंचा ठसा रविवारच्या सुटीपासून अंत्यविधीपर्यंत आणि मुलाच्या नावापासून जातीच्या दाखल्यापर्यंत ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या व्यवहारावर उमटलेला असतो. तो कसा, हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दांमागचा अर्थ

‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्द मराठीने जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला आहे. पाण्यात बुडवणे, न्हाऊ घालणे हा त्याचा मूळ अर्थ. वसईच्या कॅथलिक समाजात त्यासाठी ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहे, तर प्रॉटेस्टंट मंडळींत बाप्तिस्मा हाच शब्द वापरतात. स्वतः येशूने यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, असे शुभवर्तमानांत सांगितले आहे.

ईस्टर हे इंग्रजी नाव एका प्राचीन देवतेच्या नावावरून आले असावे, असे आठव्या शतकातील इंग्लिश इतिहासकार बीड याने नोंदवले आहे. अन्य बहुतेक युरोपीय भाषांत या सणाचे नाव ‘पेसाख’ या हिब्रू शब्दावरून आलेले आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पाश्कोआ’, फ्रेंचमध्ये ‘पाक’. पोर्तुगीज शब्दावरूनच गोव्यात ‘पास्कांचे फेस्त’ म्हणतात आणि ‘पास्कोल’, ‘पास्कू’ यांसारखी नावेही त्यातूनच आली आहेत. पेसाख हा ज्यूंचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटून, समुद्र ओलांडून इस्राएली लोक स्वतंत्र झाले, त्याची ही आठवण. मराठी बायबलमध्ये त्याला ‘वल्हांडण सण’ म्हटले आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे.

या एका मराठी क्रियापदात दोन्ही गोष्टींचा अर्थ सामावतो. इस्राएली लोकांनी समुद्र ओलांडला, येशूने मृत्यू ओलांडला आणि बाप्तिस्मा घेणारा माणूस पाण्यातून एका जीवनातून दुसऱ्या जीवनात जातो, अशी ही मांडणी आहे. प्रेषित पौलाने रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच विचार मांडला आहे. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठतो, असे तो सांगतो. पाणी येथे केवळ शुद्धीचे प्रतीक नाही. ते कबरीचेही प्रतीक आहे.

तिथी कशी ठरते?

नाताळची तारीख कायम, ईस्टरची मात्र दरवर्षी बदलती. चांद्रमासाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे कोडे वाटण्याचे कारण नाही. २१ मार्च हा वसंतसंपाताचा दिवस मानून, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकांवरून काढली जाते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत येतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिल्यास तो कधी होळी पौर्णिमेनंतर, तर बहुधा चैत्र पौर्णिमेनंतर, म्हणजे हनुमान जयंतीच्या आगेमागे येतो असे दिसते. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला, २०२५ मध्ये २० एप्रिलला आला आणि २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलचा.

सर्व ख्रिस्ती लोकांनी हा सण एकाच रविवारी साजरा करावा, असा निर्णय इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेत झाला. पुढे पाश्चात्त्य चर्चने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली, तर रशिया, ग्रीस आदी देशांतील ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरसाठी जुन्या ज्युलियन गणनेवरच राहिली. त्यामुळे दोन्ही परंपरांचा ईस्टर बहुधा वेगवेगळ्या रविवारी येतो. २०२५ मध्ये मात्र तो एकाच दिवशी होता.

ईस्टरआधी रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळावर राखेचे चिन्ह करतात आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देतात. झावळ्यांच्या रविवारी सुरू होणाऱ्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी शेवटचे भोजन, शुक्रवारी येशूचे मरण आणि शनिवारी कबरीतील शांतता यांचे स्मरण केले जाते.

एका रात्रीचा संस्कार

पहिल्या काही शतकांत ईस्टर आणि बाप्तिस्मा एकाच रात्री होत. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन याने बाप्तिस्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात ईस्टरचा दिवस या संस्काराला सर्वांत योग्य असल्याचे त्याने म्हटले आहे. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या प्रौढांना त्या काळी दीर्घ शिक्षण दिले जाई. उपवासकाळ हा मुळात या उमेदवारांच्या अखेरच्या तयारीचाही काळ होता. शनिवारी रात्री जागरण होई, शास्त्रवाचन होई आणि मग त्यांना कुंडात उतरवले जाई. बाहेर आल्यावर त्यांना पांढरी वस्त्रे दिली जात. ही वस्त्रे ते आठवडाभर अंगावर ठेवत. त्यामुळेच ईस्टरनंतरच्या रविवाराला लॅटिन परंपरेत ‘शुभ्र वस्त्रांचा रविवार’ असे नाव पडले.

या पद्धतीची काही ठिकाणे आजही पाहता येतात. सीरियातील दुरा युरोपोस येथे उत्खननात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एक घर सापडले. त्यात बाप्तिस्म्याची स्वतंत्र खोली होती आणि भिंतींवर चित्रे होती. मिलान शहरातील भव्य कॅथेड्रलच्या खाली चौथ्या शतकातील अष्टकोनी कुंडाचे अवशेष आहेत. तेथेच २४ एप्रिल ३८७ च्या ईस्टरच्या रात्री बिशप अँब्रोज यांनी ऑगस्टीन यांना बाप्तिस्मा दिला. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ज्यांचा सर्वांत मोठा प्रभाव पडला, ते हेच संत ऑगस्टीन. कुंडाच्या आठ बाजूंनाही अर्थ आहे. सात दिवसांचा आठवडा संपल्यानंतरचा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा, नव्या सृष्टीचा दिवस.

पुढे युरोपातील समाज ख्रिस्ती झाला, प्रौढ उमेदवार कमी झाले. बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असल्याने मूल जन्मताच बाप्तिस्मा देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आणि संस्काराचा ईस्टरशी असलेला प्रत्यक्ष संबंध सुटत गेला. ईस्टरच्या रात्रीची उपासनाही शनिवारी सकाळीच उरकली जाऊ लागली. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये ती पुन्हा रात्री आणण्यास आरंभ केला आणि जमलेल्या सर्वांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करावा, अशी तरतूद केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रौढांच्या टप्प्याटप्प्याच्या दीक्षेचे पुनरुज्जीवन करण्याचे ठरवले आणि त्यानुसार १९७२ मध्ये नवा विधी प्रसिद्ध झाला.

ईस्टरची रात्र

आज मुंबई, वसई, पुणे किंवा नाशिकच्या कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये पवित्र शनिवारी रात्री गेल्यास हा जुना संबंध स्पष्ट दिसतो. चर्चमधले सर्व दिवे मालवलेले असतात. बाहेर अग्नी पेटवला जातो. एका मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरले जातात. धुपाचे पाच खडे ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या खुणा म्हणून तिच्यात बसवतात. ती पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये आणली जाते, ख्रिस्त हाच प्रकाश असल्याची घोषणा तीन वेळा होते आणि लोक आपापल्या हातातील मेणबत्त्या त्या ज्योतीवरून पेटवत जातात. एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत जाता जाता सारी वास्तू उजळते.

त्यानंतर सृष्टीच्या निर्मितीपासून वाचने सुरू होतात. समुद्र ओलांडण्याचे वाचन त्यातून कधीही वगळता येत नाही. मग घंटा वाजतात, पाण्याला आशीर्वाद दिला जातो. प्रौढ उमेदवार असतील तर त्यांना येथेच बाप्तिस्मा मिळतो. उरलेल्यांना प्रश्न विचारले जातात. सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा, त्याच्या खोट्या आमिषांचा तुम्ही त्याग करता काय? देवावर, त्याच्या पुत्रावर, पवित्र आत्म्यावर तुमची श्रद्धा आहे काय? ज्यांच्या वतीने तान्हेपणी आईवडिलांनी होकार दिला होता, ते आता स्वतः होकार देतात. धर्मगुरू त्यांच्यावर तेच पाणी शिंपडतात. अनेक जण हे पाणी बाटलीत भरून घरी नेतात. ते देव्हाऱ्याजवळ ठेवले जाते आणि आजारपणात, प्रवासाला निघताना किंवा नव्या घरात पाऊल टाकताना वापरले जाते.

बाळाचा बाप्तिस्मा

बाहेरच्या माणसाला बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे बारशाचा ख्रिस्ती प्रकार वाटतो. नामकरण हा त्यातला भाग आहे खरा, कारण विधीचा पहिला प्रश्नच ‘बाळाचे नाव काय ठेवले आहे?’ हा असतो. परंतु बाकीचा सारा विधी ईस्टरचा आहे. बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली जाते. त्याच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओतले जाते. सुगंधी तेलाने अभ्यंग केला जातो. हे तेल बिशपांनी पवित्र आठवड्यातल्या खास उपासनेत आशीर्वादित केलेले असते आणि तेथून गावोगावच्या चर्चला गेलेले असते. बाळाला पांढरे वस्त्र दिले जाते. त्याच्या वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या हातातील मेणबत्ती ईस्टरच्या त्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवली जाते. याच कारणासाठी पेन्टेकॉस्टनंतर ही मेणबत्ती वर्षभर बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी ठेवलेली असते.

धर्मपिता आणि धर्ममाता हे नाते केवळ विधीपुरते नसते. मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी आईवडिलांबरोबर तेही घेतात. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या कुटुंबांत ही माणसे मुलाच्या शिक्षणात, लग्नात आणि अडचणीच्या काळात नातलगांइतक्याच हक्काने उभी राहतात. रक्ताच्या पलीकडे जाणारी सोयरीक या संस्काराने निर्माण केली आहे.

संस्कारानंतर चर्चच्या नोंदवहीत बाळाचे नाव, आईवडील, धर्मपालक, तारीख आणि ठिकाण लिहिले जाते. ही नोंदवही विशेष महत्त्वाची आहे. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण, विवाह किंवा धर्मगुरुपदाची दीक्षा झाली, तर ती जगाच्या पाठीवर कोठेही झालेली असो, तिची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ पानावर समासात करण्याचा चर्चचा नियम आहे. त्यामुळे लग्न ठरलेल्या कॅथलिक तरुणाला आपल्या मूळ गावच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा लागतो. सरकारी जन्मनोंदी नियमित होण्यापूर्वीच्या काळात वय आणि वंश सिद्ध करण्यासाठी हाच दाखला उपयोगी पडे. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यांना आजही या वह्यांचा आधार वाटतो.

मूल दगावण्याचा धोका असेल तर धर्मगुरूंची वाट पाहावी लागत नाही. कॅथलिक नियमानुसार अशा वेळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही, चर्चला अभिप्रेत असलेल्या हेतूने पाणी ओतून ठरलेले शब्द उच्चारू शकते. हा बाप्तिस्मा पूर्ण मानला जातो.

रविवार ते रविवार

रोजच्या जीवनात ईस्टर प्रथम दिसतो तो रविवारी. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून ख्रिस्ती लोक शनिवारऐवजी रविवारी उपासनेला जमू लागले. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टर मानला जातो. रशियन भाषेत तर रविवारचे नावच ‘पुनरुत्थान’ असे आहे. उपवासकाळातही रविवारी उपवास नसतो, तो यामुळेच. आठवड्याचा शुक्रवार याउलट गुड फ्रायडेची छाया घेऊन येतो. अनेक कॅथलिक घरांत त्या दिवशी मांस शिजत नाही.

चर्चच्या दाराशी पाण्याचे लहान पात्र असते. आत जाणारा त्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि खांद्यांना स्पर्श करीत क्रूसाची खूण करतो. ही कृती बाप्तिस्म्याची आठवण आहे. त्या वेळी उच्चारले जाणारे पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाव हे बाप्तिस्म्याच्या वेळचेच शब्द. रोज सकाळी उठताना, जेवणापूर्वी, परीक्षेच्या पेपराआधी किंवा बस सुटताना ख्रिस्ती माणूस नकळत हीच खूण करीत असतो.

वर्षाचे वेळापत्रकही ईस्टरभोवती फिरते. वसईच्या गावांत उपवासकाळात लग्नसमारंभ टाळले जातात आणि ईस्टर झाल्यावर लग्नांचा हंगाम सुरू होतो. या काळात वाचवलेला पैसा गरजूंसाठी द्यावा, अशी शिकवण असते. पूर्वी चाळीस दिवस अंडीही वर्ज्य होती. त्यामुळे ईस्टरला अंड्यांचे महत्त्व आले आणि कवच फोडून बाहेर येणारा जीव हे पुनरुत्थानाचे चिन्ह ठरले. मुंबईच्या बेकऱ्यांत या दिवसांत दिसणारी मार्झिपानची रंगीत अंडी ही त्याचीच गोड आठवण.

या दोन्ही गोष्टींचा सर्वांत खोल परिणाम मात्र मृत्यूच्या वेळी जाणवतो. कॅथलिक अंत्यविधीत शवपेटीजवळ ईस्टरची मेणबत्ती ठेवतात आणि शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. काही ठिकाणी तिच्यावर पांढरे वस्त्रही घालतात. आयुष्याच्या आरंभी वापरलेले पाणी, ज्योत आणि वस्त्र शेवटी पुन्हा येतात. निधनाच्या वार्तेत मराठी ख्रिस्ती माणूस ‘ख्रिस्तवासी झाले’ असे लिहितो. इंग्रजीत दफनभूमीसाठी असलेला शब्दही मुळात ‘झोपण्याची जागा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. घरात दुःख असतेच, रडणेही असते. पण पुनरुत्थानाची आशा त्या दुःखाला शब्द पुरवते आणि सांत्वनाला येणाऱ्यांना काय म्हणावे हे सांगते.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, जालना, पुणे या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळींची परंपरा वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे नगरचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. येथे विधींची संख्या कमी, वचनाचे वाचन आणि गायन यांवर भर अधिक. ईस्टरला पहाटेच्या उपासनेची प्रथा अनेक मंडळींत आहे. तिचे मूळ जर्मनीतील हर्नहूट या गावी १७३२ मध्ये मोराव्हियन पंथाच्या तरुणांनी दफनभूमीत जमून केलेल्या प्रार्थनेत सापडते. कबरीपाशी पहाटे गेलेल्या स्त्रियांना ती रिकामी आढळली, या शुभवर्तमानातल्या प्रसंगाचे हे अनुकरण. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिगीते या मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात मोठ्या संख्येने आहेत.

बाप्तिस्मा केव्हा द्यावा, याविषयी प्रॉटेस्टंट पंथांत मतभेद आहेत. बॅप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळी तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य करीत नाहीत. स्वतः विश्वास ठेवू शकणाऱ्या व्यक्तीनेच तो घ्यावा आणि पाण्यात पूर्ण बुडवूनच द्यावा, असे ते मानतात. सहा चर्चसंस्था एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने या वादावर वेगळा तोडगा काढला. बालकाचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासकाचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना तिने मान्यता दिली. एकाच चर्चमध्ये दोन मतांची कुटुंबे शेजारी बसू शकतात, हे त्याचे फलित.

बाप्तिस्म्याची किंमत

ज्यांनी विचारपूर्वक प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यासाठी ‘जुने जीवन मरणे’ हे केवळ रूपक नव्हते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात खळबळ उडाली. बाप्तिस्मा घेतला म्हणजे विवेक गहाण टाकला, असे त्यांनी कधी मानले नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनी आपल्या इंग्लिश मार्गदर्शकांशी निर्भीडपणे वाद घातला आणि इंग्लंडमध्येही शाकाहार सोडला नाही. पुढे त्यांनी असेही लिहिले, की आरंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. तो अनुभव काही वर्षांनंतरचा. संस्कार आणि श्रद्धा यांच्यात अंतर असू शकते, याची ही प्रांजळ कबुली आहे.

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार काही वर्षांसाठी दुभंगला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या काळाची हकिगत सांगितली आहे. पतीकडे परतल्यावरही त्या सोवळे पाळत राहिल्या, वेगळा स्वयंपाक करीत राहिल्या. जातीचे भेद माणसांनी निर्माण केले आहेत, हे मनाला पटल्यावरच त्यांनी ते सोडले आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत पाण्याचा संस्कार नंतर झाला. त्याआधी स्वयंपाकघरात बदल घडला होता.

टिळकांचा शेवटचा प्रयोगही या विषयाशी संबंधित आहे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुभाव सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. बाप्तिस्मा हा समाजापासून तोडणारा विधी ठरू नये, ही तळमळ त्यामागे होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही.

पाणी आणि जात

बाप्तिस्मा घेतलेल्यांत ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही, असे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ठामपणे म्हटले आहे. या कसोटीवर भारतीय चर्चचा इतिहास पूर्ण उतरत नाही, हे मान्य करावे लागेल. पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात आणि उत्तर कोकणात जे सामूहिक बाप्तिस्मे झाले, त्यांत दडपण आणि प्रलोभन यांचा भाग होता. इ. स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. पुराणे गमावलेल्या नवख्रिस्ती लोकांची भूक भागवणे हा त्यामागचा हेतू होता. भाषा आणि छंद टिकले, तशी जातही टिकली. गोव्याच्या कॅथलिक समाजात बामण, चार्डो, सुदीर हे भेद राहिले. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची ओळख बाप्तिस्म्यानंतर शतके लोटली तरी पुसली गेली नाही आणि लग्नसंबंधांत ती दीर्घकाळ प्रभावी राहिली.

मराठवाडा आणि नगर भागात एकोणिसाव्या शतकात आणि पुढे ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना त्यातून शाळा, दवाखाना, स्वतःचे नाव आणि मान वर करून चालण्याचे बळ मिळाले. परंतु राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने या बाप्तिस्म्याचा वेगळाच परिणाम झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशासाठी, हा त्यामागचा युक्तिवाद. गावच्या विहिरीवर आणि कधी चर्चच्या दफनभूमीतही जात कायम असते, हा त्याला दलित ख्रिस्ती संघटनांचा प्रतिवाद. केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तान्हेपणी झालेला तिचा बाप्तिस्मा आणि चर्चमधील नियमित उपस्थिती या गोष्टी त्या निकालात महत्त्वाच्या ठरल्या.

अशा घरांत बाप्तिस्म्याची नोंद हा निव्वळ धार्मिक प्रश्न उरत नाही. मुलाचे नाव चर्चच्या वहीत लिहावे की नाही, ते कोणते लिहावे, शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लावावा, याचा विचार आईवडिलांना करावा लागतो. श्रद्धा आणि भाकरी यांच्यातील हा पेच सोसणारी कुटुंबे ईस्टरच्या रात्री त्याच रांगेत मेणबत्ती घेऊन उभी असतात.

रोजचा ईस्टर

वसईचे साहित्यिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून आणि ‘सुबोध बायबल’मधून ख्रिस्ती श्रद्धा मराठी वाचकांपर्यंत नेली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. वसईतील पर्यावरणरक्षणाच्या आणि गुंडगिरीविरोधी आंदोलनांत ते पुढे होते. चर्चमधली श्रद्धा चर्चच्या आवाराबाहेर कशी वागते, याचे हे एक जवळचे उदाहरण.

ईस्टरच्या रात्री विचारला जाणारा प्रश्न श्रद्धेच्या आधी त्यागाचा असतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काय सोडणार, हे आधी सांगावे लागते. लाच, व्यसन, पत्नीवरचा हात, भावाशी धरलेला अबोला, शेजाऱ्याच्या जातीची चौकशी, यांपैकी काय सोडायचे हे विधीच्या पुस्तकात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते आणि सोमवारपासून पाळायचे असते. दरवर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, कारण दरवर्षी काही ना काही सोडायचे राहिलेले असते. पुढच्या ईस्टरला आपला ख्रिस्ती शेजारी मध्यरात्री चर्चमधून पाण्याची बाटली आणि अर्धी जळालेली मेणबत्ती घेऊन परतताना दिसला, तर त्याला शुभेच्छा जरूर द्याव्यात. त्या दिवशी ‘हॅपी ईस्टर’ म्हणणे अगदी योग्य आहे.